ट्यूब ॲम्पला प्रीॲम्प हवाच का? आधी व्होल्ट मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात डायनाको एसटी-७० च्या धर्तीचा पॉवर ॲम्प (थेट स्पीकर चालवणारा ॲम्प) आहे: दर चॅनलला ईएल३४ ट्यूबची जोडी आणि ३५ वॉट. सोबत २ व्होल्ट देणारा डॅक (डिजिटल संगीताचा सिग्नल बनवणारं उपकरण), ८८ डीबीचे बुकशेल्फ स्पीकर आणि बारा बाय चौदाची बैठक. ॲम्पवर आवाजाचं बटण नाही. दुकानदाराचं म्हणणं, प्रीॲम्प लावल्याशिवाय ट्यूबचा आवाज खुलत नाही. पुढेमागे टर्नटेबलही आणायचा विचार आहे. तर प्रीॲम्प घ्यावा का?

डॅकसाठी नको. बटण मात्र हवं, आणि ते योग्य ओहमचं आणि योग्य जागी हवं. टर्नटेबल आल्यावर फोनो स्टेज (तबकडीच्या सुईचा बारीक सिग्नल वाढवणारा डबा) लागेल, पण ती वेगळी वस्तू आहे. व्होल्ट वाढवणारा डबा, बटण आणि फोनो स्टेज या तिन्ही गोष्टींना सरसकट प्रीॲम्प म्हटलं जातं आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

प्रीॲम्प या एका शब्दात खरं तर चार कामं दडलेली आहेत. तबकडीच्या सुईचे मिलीव्होल्ट वाढवून त्यांना समतोल देणं हे एक. अनेक स्रोतांतून एक निवडणं हे दुसरं. आवाज आणि टोन कमीजास्त करणं हे तिसरं, आणि पुढच्या केबलला व पॉवर ॲम्पला दमदारपणे सिग्नल देणं हे चौथं. १९५३ चा क्वाड २ किंवा १९५९ चा एसटी-७० हे नुसते पॉवर ॲम्प होते. त्यांना १५ ते ३५ वॉटसाठी जेमतेम सव्वा-दीड व्होल्ट लागत होते, पण तेव्हाचे ट्यूनर आणि टेप तेवढेही नीट देत नव्हते. म्हणून ही चारही कामं करणारा वेगळा डबा जोडीला विकला जाई, आणि त्याला लागणारी वीजही पॉवर ॲम्पच पुरवत असे. एसटी-७० च्या पुढच्या बाजूला दोन ऑक्टल (आठ पिनांची) सॉकेट दिसतात ते त्यासाठीच.   १९८२ मध्ये सीडी आली, प्लेअरचं आउटपुट २ व्होल्टवर स्थिरावलं आणि डॅकनी तोच शिरस्ता पुढे चालवला. व्होल्ट वाढवण्याची गरज त्या दिवशी बहुतेक घरांतून संपली. सवय तेवढी राहिली.

आता हिशेब. त्याला तीन आकडे लागतात: स्रोत जास्तीत जास्त किती व्होल्ट देतो, ॲम्पला पूर्ण ताकदीसाठी किती लागतात, आणि तुमच्या खोलीत प्रत्यक्ष किती लागतात. तिसऱ्या आकड्याकडे कोणी बघत नाही आणि निर्णय त्याच्यावरच ठरतो.

एसटी-७० ला ३५ वॉटसाठी १.३ व्होल्ट लागतात. ८ ओहमवर ३५ वॉट म्हणजे १६.७ व्होल्ट, म्हणून ॲम्पचा गेन (सिग्नल किती पटीने वाढतो तो आकडा) साधारण १३ पट. ८८ डीबीचा स्पीकर २.८३ व्होल्टला, म्हणजे १ वॉटला, एका मीटरवर ८८ डीबी देतो. घरात निवांत पण भरदार ऐकताना सरासरी ७५ डीबीच्या आसपास असते. ती १३ डीबीने खाली आली, म्हणजे स्पीकरवर ०.६३ व्होल्ट, ०.०५ वॉट. त्याला १३ ने भागा: ॲम्पच्या तोंडाशी सुमारे ५० मिलीव्होल्ट. तबल्याची थाप किंवा गायकाचा तार षड्ज सरासरीच्या १८ डीबी वर गेला तर आठपट, म्हणजे ०.४ व्होल्ट. (बसायची जागा एका मीटरपेक्षा लांब असते, पण स्पीकर दोन आहेत आणि भिंतीही आवाज परत देतात. बैठकीच्या खोलीत हे बऱ्यापैकी जुळून येतं.) डॅककडे २ व्होल्ट आहेत. पाचपट शिल्लक उरते. त्यापुढे आणखी पंधरापट गेनचा ट्यूब प्रीॲम्प लावला तर तो गेन बटण फिरवून फेकून देण्यापलीकडे त्याचं काही करता येत नाही.

फक्त एक तपासणी करा. सगळ्या संग्रहातलं सर्वांत हळू मुद्रण काढा. जुन्या शास्त्रीय मैफलींच्या काही डिजिटल प्रती फार खालच्या पातळीवर असतात; विलंबित आलापीत सरासरी पूर्ण पातळीच्या ३० डीबी खाली जाणं अशक्य नाही. तेव्हा २ व्होल्टच्या डॅकमधून ६३ मिलीव्होल्ट मिळतात. आपल्याला ५० हवेत, तेव्हा निभतं, पण बटण जवळजवळ पूर्ण उघडून. त्या जागी फोन असेल आणि तो कमाल अर्धा व्होल्टच देत असेल, तर १६ मिलीव्होल्ट मिळतील आणि आवाज १० डीबीने पडेल. "बटण पूर्ण उघडलं तरी पुरत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा फोनमुळे असते. तिथे हजार-दोन हजारांचा २ व्होल्टचा डॅक प्रीॲम्पपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

या तक्रारीत दोन वेगळे आजार लपतात, ते आधी वेगळे करा. बटण पूर्ण उघडं आहे, आवाज कमी आहे पण स्वच्छ आहे, तर गेन कमी पडतोय. प्रीॲम्प किंवा मोठा स्रोत कामाला येईल. बटण अर्ध्यावर आहे आणि आवाज फाटतो, तबला चपटा होतो, वरच्या पट्टीत गळा चिरकतो, तर ताकद कमी पडतेय. तिथे प्रीॲम्प काही करू शकत नाही, कारण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सिंगल-एंडेड (चॅनलला एकच आउटपुट ट्यूब) ईएल८४ चे साडेपाच वॉट प्रीॲम्पमागून पंधरा होत नाहीत. प्रीॲम्प लावल्यावर बटण घड्याळातल्या आठच्या काट्यावर, म्हणजे जेमतेम उघडलेलं असतानाच आवाज दणकतो, आणि ॲम्प ताकदवान झाल्याचा भास होतो. वाढला तो बटणाचा वेग. कमाल जिथे होती तिथेच राहिली.

आकडे पुस्तकात सापडले नाहीत तर मोजा. मल्टीमीटरला २ व्होल्ट एसीची पट्टी हवी; शे-दोनशे रुपयांच्या पिवळ्या मीटरवर एसी २०० व्होल्टपासून सुरू होतो, त्याने हे मोजता येणार नाही. टोन १०० हर्ट्झचा घ्या, १ किलोहर्ट्झचा नको, कारण साधे मीटर ४०० हर्ट्झपुढे चुकीचं वाचायला लागतात. डॅकमधून पूर्ण पातळीचा टोन सोडून आउटपुट मोजा, २ च्या आसपास यायला हवं. मग ॲम्पला स्पीकरच्या जागी ८.२ ओहम, २५ वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर लावा, टोन २६ डीबीने खाली आणा म्हणजे ०.१ व्होल्ट मिळतील, आणि रेझिस्टरवर मोजा. १.३ आले तर गेन १३. लोड न लावता ट्यूब ॲम्पला सिग्नल कधीही देऊ नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत उसळणारं व्होल्टेज वाइंडिंगचं किंवा सॉकेटचं इन्शुलेशन फोडतं, आणि तो ट्रान्सफॉर्मर म्हणजे अख्ख्या ॲम्पमधली सर्वांत महाग वस्तू.

ॲम्प उघडून सर्किट ओळखता येत असेल तर मोजण्याआधीच अंदाज बांधता येतो. ईएल८४ सिंगल-एंडेडला ५.७ वॉटसाठी ग्रिडवर, म्हणजे ट्यूबच्या सिग्नल घेणाऱ्या टोकावर, ४.३ व्होल्ट लागतात. तिच्याआधी ईसीसी८३ ट्यूबची एक स्टेज, ५५ ते ६० गेनची, म्हणजे फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा परत देऊन गेन कमी करणं) नसताना ७५ मिलीव्होल्ट आणि १२ डीबी फीडबॅक असताना ३०० मिलीव्होल्ट. प्रीॲम्पचा प्रश्नच येत नाही. ३००बी ट्यूबचं गणित मात्र उलटं आहे. ६० व्होल्ट बायसवर (ग्रिडला दिलेल्या स्थिर उणे व्होल्टेजवर) चालणाऱ्या ३००बी ला ग्रिडवर ६० व्होल्टचं शिखर, म्हणजे ४२ व्होल्ट आरएमएस (एसी मीटरवर दिसणारं मूल्य) लागतात. ड्रायव्हरला, म्हणजे तिच्याआधी, ६एसएन७ ट्यूबच्या दोन स्टेज असतील तर १५ गुणिले १५, जवळजवळ ०.२ व्होल्टमध्ये काम होतं. एकच स्टेज असेल, तर २.८ व्होल्ट लागतात आणि डॅक २ वरच थांबतो. तरी घाबरायचं कारण नाही: २ व्होल्टला ८ पैकी ४ वॉट मिळतात, आणि अर्धे वॉट म्हणजे फक्त ३ डीबी कमी. संवेदनशील स्पीकर असतील तर कानाला ते बोचत नाही. हळू मुद्रणं आणि फोनो मात्र तिथे तोकडे पडतात. दोन ते चार पट गेनचा प्रीॲम्प खऱ्या अर्थाने लागतो तो अशाच ॲम्पला.

आता बटण. प्रीॲम्प नको म्हणून लोक एका छोट्या डब्यात १०० किलोओहमचा पॉट (बटणाने फिरवायचा रेझिस्टर) बसवतात, दोन मीटर केबलने ॲम्पला जोडतात, आणि मग "आवाज निस्तेज झाला, प्रीॲम्पच हवा होता" अशा निष्कर्षाला येतात. चूक पॉटची नसते, त्याच्या ओहमची आणि जागेची असते. पॉटचं आउटपुट इम्पीडन्स (सिग्नल बाहेर पडताना त्याला होणारा विरोध) सर्वांत जास्त असतं ते सिग्नल निम्मा होतो त्या जागी, आणि तिथे ते पॉटच्या चौथा हिस्सा असतं: १०० किलोओहमला २५ किलोओहम. पुढे केबलच्या कपॅसिटन्सचे मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरा, दोन मीटरला २००. त्यात पहिल्या ट्यूबचं इनपुट. ईसीसी८३ चं ग्रिड आणि प्लेट यांच्यात जेमतेम १.६ पिकोफॅरड असतात, पण मिलर परिणामाने ते गेनच्या पटीत दिसतात. साठपट गेन, म्हणजे शंभर. सॉकेट आणि वायरिंग धरून १२०. एकूण ३२०. २५ किलोओहम आणि ३२० पिकोफॅरड मिळून २० किलोहर्ट्झला ३ डीबी आणि १० किलोहर्ट्झला १ डीबी घट देतात. तंबोऱ्याची जवारी, झांजेची किनार, स-श-चे उच्चार यांच्यावर ही बारीक साय धरते. शिवाय बटण फिरवलं की इम्पीडन्स बदलतं, म्हणून ही सायही बदलत जाते. त्यामुळे नेमकं काय बिघडलंय हे कानाला पकडता येत नाही.

तोच १०० किलोओहमचा पॉट ॲम्पच्या आत, ट्यूबच्या सॉकेटपासून बोटभर अंतरावर बसवा. केबलचे २०० पिकोफॅरड आता पॉटच्या आधी आले, तिथे डॅकचे शंभर-दोनशे ओहम त्यांना सहज हाकतात. उरले १२०. घट ५३ किलोहर्ट्झवर गेली. निस्तेजपणा संपला, आणि खर्च एका पॉटचा. ॲम्प उघडायचा नसेल तर बाहेरच्या डब्यात १० ते २५ किलोओहम घ्या. २५ ला जास्तीत जास्त सव्वासहा किलोओहम येतात आणि दोन मीटर केबलसकट ८० किलोहर्ट्झ मिळतात. आणि डबा ॲम्पजवळ ठेवा. लांब केबल डॅकच्या बाजूला जाऊ द्या.

इथे एक अट आहे. १० किलोओहमचा पॉट डॅकला जड नाही, पण ट्यूबच्या स्रोताला असतो. ईसीसी८३ च्या प्लेटवरून थेट आउटपुट काढलेल्या फोनो स्टेजचं इम्पीडन्स ३८ किलोओहमच्या घरात असतं. तिला १० किलोओहमचा पॉट जोडला की जवळजवळ १४ डीबी तिथेच गळतात आणि विकृती वाढते ती वेगळी.  अशा स्रोताला ॲम्पच्या आतला १०० किलोओहमच बरा, नाहीतर मध्ये कॅथोड फॉलोअर (गेन न देता इम्पीडन्स उतरवणारी ट्यूब स्टेज) हवा.

पॉट आत बसवायची रीत सांगतो, कारण इथे जीवाशी गाठ आहे. प्लग भिंतीतून काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. फिल्टर कपॅसिटरवर ४०० व्होल्टच्या वर असू शकतात. १० किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टर इन्शुलेटेड क्लिपने पाच-दहा सेकंद धरा, एक हात पाठीमागे ठेवा, मग मीटरने मोजा. १० व्होल्टच्या खाली आल्याशिवाय बोट आत घालू नका. पॉट स्टीरिओ लॉग घ्या. आजच्या आशियाई पॉटवर ए म्हणजे लॉग आणि बी म्हणजे लिनिअर. जुन्या युरोपीय पॉटवर याच्या उलट असतं, म्हणून मधोमध फिरवून मीटरने बघा. मध्यावर १०-१५ टक्के दाखवला तर लॉग, ५० टक्के दाखवला तर लिनिअर. इनपुट सॉकेटची गरम तार पॉटच्या वरच्या टोकाला, खालचं टोक इनपुटच्या ग्राउंडला. मधल्या टोकावरून १ किलोओहमचा रेझिस्टर थेट ग्रिडच्या पिनवर सोल्डर करा, आणि मधलं टोक ते ग्राउंड १ मेगओहम लावा. हा १ मेगओहम लोक विसरतात. पॉटची पट्टी झिजून क्षणभर सुटली की ग्रिड तरंगतं आणि स्पीकरमध्ये फटाका वाजतो. हा रेझिस्टर असेल तर नुसतं खरखरतं. पॉटची धातूची बॉडी चॅसीला लागलेली असू द्या, नाहीतर बटणाला हात लावला की गुणगुण बदलते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत हे सगळे भाग मिळतात. पॉट तेवढा चांगल्या कंपनीचा घ्या आणि तिथेच दोन्ही बाजू मोजून घ्या. स्वस्त पॉटच्या दोन पट्ट्या सुरुवातीच्या वळणात दोन-तीन डीबीनेही जुळत नाहीत, आणि हळू ऐकताना गायक एका बाजूला सरकून बसतो.

हाच दोष गेन जास्त असला की रोज छळतो. लीक स्टीरिओ २० या ट्यूब ॲम्पला पूर्ण ताकदीसाठी फक्त १२५ मिलीव्होल्ट लागतात. त्याला डॅकचे २ व्होल्ट दिले की बटणाची सगळी हालचाल पहिल्या रेघेतच संपते, पॉटचा वाईटातला वाईट भाग वापरात येतो आणि स्रोताची खरखर सत्तरपट होऊन बाहेर पडते. इथे प्रीॲम्प लावणं म्हणजे आगीत तेल. हवा तो उतार, म्हणजे सिग्नल कमी करणारी रेझिस्टरची जोडी. ॲम्पच्या टोकाच्या आरसीए प्लगमध्ये, गरम तारेत ४७ किलोओहम आणि त्यापुढे ग्राउंडला ४.७ किलोओहम, दोन्ही पाव वॉट मेटल फिल्म. २१ डीबी उतरतात, डॅकला ५० किलोओहमचा हलका लोड दिसतो आणि ॲम्पला ४.३ किलोओहमचा स्रोत. उतार डॅकच्या टोकाला लावू नका, केबलची पिकोफॅरड पुन्हा मध्ये येतात.

डॅकचं डिजिटल बटण चालेल का, हेही ओघाने येतं. गुणवत्तेच्या बाजूने चालेल. २४ बिटच्या डॅकमध्ये १५-२० डीबी उतरवले तर तीन बिट जातात आणि उरलेले पुरून उरतात. भीती वेगळी आहे. अपडेटनंतर किंवा दुसरं ॲप उघडल्यावर ते बटण १०० वर उडी मारतं आणि पूर्ण २ व्होल्ट ॲम्पवर आदळतात. तुमच्या ॲम्पला ते पूर्ण ताकदीपेक्षाही जास्त आहेत, आणि स्पीकरचे ट्वीटर त्यात जातात. म्हणून रोजचं काम डिजिटल बटणावर करायचं असलं तरी ॲम्पमध्ये पॉट ठेवा आणि तो कायम अर्ध्याखाली ठेवा.

टर्नटेबलचं वेगळं आहे. एमएम (हलत्या चुंबकाचं) कार्ट्रिज ३ ते ५ मिलीव्होल्ट देतं, एमसी (हलत्या कॉइलचं) त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. ते थेट ॲम्पला जोडलं तर आवाज येतो, पण दूरच्या टेलिफोनसारखा, कारण तबकडी कोरताना बेस दाबलेला आणि ट्रेबल चढवलेला असतो. तो उलटवायला आरआयएए समतोल लागतो: २० हर्ट्झला १९ डीबी वर, २० किलोहर्ट्झला साडेएकोणीस डीबी खाली. हे फोनो स्टेजचं काम. तिचा गेन ४० डीबी, म्हणजे शंभरपट असला की ४ मिलीव्होल्टचे ०.४ व्होल्ट होतात, आणि ठसठशीत जागी त्याच्या तीन-चारपट. तुमच्या ॲम्पला तेवढं पुरतं. फोनो स्टेजनंतर वेगळा लाइन प्रीॲम्प (फोनो नसलेला साधा प्रीॲम्प) लागत नाही. एमसी घेतलं तर ६० डीबी. स्टेज घेताना आउटपुट इम्पीडन्स १ किलोओहमच्या आत आहे का एवढं विचारा. ते असलं की वरची सगळी भानगड टळते.

घरात जुना एचएमव्हीचा तबकडी प्लेअर असेल तर त्याचं पिकअप बहुधा क्रिस्टल किंवा सिरॅमिक असतं. ते काही शे मिलीव्होल्ट देतं, म्हणूनच ते व्हॉल्व्ह रेडिओच्या मागच्या "पिकअप" सॉकेटात थेट खुपसून चालायचं. त्याला आरआयएएची गरज नाही, पण इनपुट निदान १ मेगओहमचं हवं, शक्यतो २. १०० किलोओहमच्या पॉटवर त्याचा सगळा बेस गळून जातो. आणि रेडिओलाच ॲम्प म्हणून वापरायचं डोक्यात असेल तर आधी त्याच्या ट्यूब बघा. नावं यू अक्षराने सुरू होत असतील, यूसीएल८२ किंवा यूएल४१ सारखी, तर हीटर एकामागे एक जोडलेले आहेत, मेन्स ट्रान्सफॉर्मर नाही आणि चॅसी थेट विजेच्या तारेला लागलेली असू शकते. त्याला फोन किंवा डॅक जोडणं म्हणजे २३० व्होल्ट हातात घेणं. तो उद्योग करूच नका.

मग प्रीॲम्प घ्यावा कधी? ॲम्पला दोन व्होल्टहून जास्त लागत असतील तेव्हा. मोनोब्लॉक (एकेका चॅनलचे स्वतंत्र ॲम्प) स्पीकरजवळ ठेवून पाच-सहा मीटर केबल ओढायची असेल तेव्हा: सहा मीटरला ६०० पिकोफॅरड, त्यावर १०० किलोओहमचा पॉट असेल तर उतार नऊ किलोहर्ट्झच्याही आधी लागतो, तर ६०० ओहमच्या कॅथोड फॉलोअरने तो साडेतीनशे किलोहर्ट्झच्या पलीकडे जातो. चार स्रोत, रिमोट, सबवूफरसाठी दुसरं आउटपुट हवं असेल तेव्हाही. आणि ट्यूब प्रीॲम्पचा स्वतःचा रंग आवडतो म्हणून घ्यावासा वाटला तरी ते कारण खरं आहे. सेकंड हार्मोनिकचा (मूळ सुराच्या दुप्पट कंपनांच्या सुराचा) तो गोडवा कानाला कळतो आणि तो आवडण्यात गैर काही नाही. फक्त तो गेनच्या नावाखाली विकत घेऊ नका.

घेतलाच तर गेन दोन ते चार पट, सहा ते बारा डीबी. आउटपुट इम्पीडन्स एक किलोओहमच्या आत. चालू केल्यावर अर्धा-पाऊण मिनिट आउटपुट दाबून ठेवणारा रिले असावा, कारण ट्यूब तापेपर्यंत कपॅसिटर भरत असतात आणि तो धक्का थेट वूफरवर जातो. रिले नसेल तर क्रम पाळा: प्रीॲम्प आधी चालू, पॉवर ॲम्प नंतर, बंद करताना पॉवर ॲम्प आधी. गेन जास्त असण्याची किंमत रात्री कळते. लाइन स्टेजमध्ये पॉट बहुधा ट्यूबच्या आधी असतो, म्हणून ट्यूबची स्वतःची खरखर बटण शून्यावर नेलं तरी जात नाही. इनपुटला ५ मायक्रोव्होल्ट खरखर धरली, पुढे १५ पट आणि मग १३ पट, तर स्पीकरवर १ मिलीव्होल्ट येतो. ८८ डीबीच्या स्पीकरवर ते १९ डीबी, पंख्याच्या आवाजात बुडून जातं. ९८ डीबीच्या हॉर्नवर २९ डीबी, आणि आलापाआधी तंबोरा लागतो त्या शांततेत ती फुसफुस स्पष्ट ऐकू येते. पहिल्या ट्यूबवर पेन्सिलीने टिचकी मारा. स्पीकरमधून घंटा वाजल्यासारखं झालं तर ती ट्यूब मायक्रोफोनिक (हादऱ्याचा आवाज करणारी) आहे, त्या जागेवर ठेवू नका.

प्रीॲम्प आला की गुणगुणही येऊ शकते. दोन्ही उपकरणांना तीन पिनी प्लग असतील तर अर्थिंगची तार आणि केबलची जाळी मिळून एक वेटोळं तयार होतं आणि ५० हर्ट्झ त्यात शिरतात. दोन्ही प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डात लावा, केबल एकत्र बांधून वेटोळ्याचं क्षेत्र कमी करा. तरी राहिली तर मध्ये एकास-एक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर. अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला सर्रास मिळतो, तो ऐकू नका. आत ४५० व्होल्ट असलेल्या ॲम्पच्या चॅसीला अर्थ नसेल तर एक फुटलेला कपॅसिटर पुरतो.

दुकानदार प्रीॲम्प घरी नेऊन ऐकायला देत असेल तर जरूर आणा, पण पातळी जुळवून ऐका. १०० हर्ट्झच्या टोनवर स्पीकरच्या टर्मिनलशी १.०० व्होल्ट येईल असं प्रीॲम्पसकट बटण लावा, मग प्रीॲम्प काढून पुन्हा १.०० आणा. दोन शतांश व्होल्टच्या आत जुळलं पाहिजे. एक दशांशचा फरक म्हणजे ०.८ डीबी, आणि तेवढ्यावर जो जरा मोठा वाजतो तो कानाला नेहमी जास्त उघडा, जास्त जिवंत वाटतो. बिनागेनचा पॉट बहुतेक वेळा हरतो तो इथेच.

तुमच्या घरासाठी आत्ता एवढं करा. ॲम्पमध्ये १०० किलोओहमचा पॉट सॉकेटजवळ, १ मेगओहमसह. डॅक एक-दोन मीटर केबलने थेट. त्यावर महिनाभर तुमच्या संग्रहातली हळू मुद्रणं ऐका, आणि बटण तीनच्या काट्यापुढे किती वेळा जातं ते बघा. टर्नटेबल आला की ४० डीबीची, कमी इम्पीडन्सची फोनो स्टेज आणि दोन इनपुटचा साधा निवडक स्विच. बटण रोज शेवटच्या टोकाला टेकायला लागलं, तर सहा डीबीच्या लाइन स्टेजचा विचार तेव्हा करता येईल.